वहीचं पहिलं पान

परवा दुपारी प्लंबरचा फोन आला. तो स्वतः येणार नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देणार होता. "घ्या काकू, लिहून घ्या," म्हणाला आणि मी हो म्हणायच्या आत आकडे म्हणायला लागला. प्लंबरला इतकी घाई फक्त दुसऱ्याचा नंबर देतानाच असते. मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि टेबलाचा खण उघडला. खणात वह्या होत्या. नव्या, कोऱ्या, एकावर एक रचलेल्या. त्या मी हाताने बाजूला सारल्या, तळातून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका ओढून काढली आणि "आपले विनीत"च्या पाठीवर नंबर लिहिला.

"एवढ्या वह्या आहेत की," नवरा म्हणाला. वर्तमानपत्र वाचताना त्याला घरातलं सगळं दिसतं.

"त्यात प्लंबरचा नंबर लिहू?"

"मग काय लिहिणारेस?"

एवढं विचारून तो पुन्हा अग्रलेखात शिरला. मी मात्र खण उघडा ठेवून तशीच उभी.

खणातली मंडळी सांगते. एक वही हिरव्या-जांभळ्या खणाच्या कापडात बांधलेली, इतकी देखणी की हळदीकुंकवाला ब्लाउजपीस म्हणून खपून जाईल. एक भाचीने दिलेली, तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक घुबड बसलंय आणि ते 'बघू या काय लिहिताय' अशा चेहऱ्याने बघतं. एक पुण्याच्या हातकागद संस्थेतून मीच हौसेने आणलेली. तिचा कागद जाड, खरबरीत, कडा जरा ओबडधोबड. पेन टेकवलं की निबात तंतू अडकतो, म्हणून या कागदाला कुठलं पेन चांगलं याची चौकशी मी गेली काही वर्षं करते आहे. ती संस्था गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली निघाली. माणसाने हाताने कागद करावा आणि माणसाने त्यावर हाताने लिहावं, असाच काहीसा बेत असणार. त्यातला दुसरा भाग माझ्याकडे येऊन अडलाय. गंमत म्हणजे हा कागद करतात कशाचा, तर सुती चिंध्यांचा. कापडाची कात्रणं भिजवायची, लगदा करायचा, चाळणीवर पसरायचा. म्हणजे मुळात चिंध्याच. आणि मला वाटतं, आपण यात वाण्याची यादी कशी लिहायची!

हे दुखणं जूनमधलं आहे. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी बाबा वह्या आणायचे. नव्या वह्यांच्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही, तो सगळ्यांनी बोलून संपवलाय. मला आठवतात ती कव्हरं. जमिनीवर खाकी कागदाची गुंडाळी पसरायची, ती पुन्हा गुंडाळली जाऊ नये म्हणून एका टोकाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणि दुसऱ्या टोकाला मी. बाबा वही मधोमध ठेवायचे, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून कापायचे, वहीच्या कण्याशी वर आणि खाली दोन तिरके छेद द्यायचे आणि ती इवलीशी जीभ आत दुमडायचे. या जिभेवर त्यांचा फार जीव. ती बाहेर राहिली की कव्हर पंधरा दिवसांत तिथूनच फाटतं, हे दर वर्षी सांगायचे. मग लेबल. नाव, इयत्ता, तुकडी, विषय. लेबलं मी चाटायची, कारण मागच्या डिंकाची चव मला आवडायची. अक्षर मात्र बाबांचं.

आणि मग वही माझ्या ताब्यात यायची. आत पहिलं पान.

पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री' लिहायचा. हे कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण त्याशिवाय वही सुरू व्हायची नाही. आता 'श्री' हे अक्षर ज्याने नवीन वहीसाठी ठरवलं त्याने मुलांचा विचार केलेला नाही. 'श'ची ती वरची गाठ, तिच्यातून उतरणारा शेपटासारखा फराटा, त्याला चिकटलेली 'र'ची रेघ, आणि वर वेलांटी, जी ऐन वेळी शाई जास्त सोडते. गाठ मोठी झाली की 'श्री' पोटुशी दिसते, छोटी झाली की उपाशी. आणि बिघडली तर करायचं काय? खोडता येत नाही, देवाचं नाव. पान फाडता येत नाही, तेही देवाचं नावच फाडल्यासारखं. मी एकदा आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "वाकडी श्री पण देवाचीच." आजीला काय, तिला वह्या तपासून घ्यायच्या नव्हत्या.

धीट मुलं पान फाडायची. पण वही ही मोठी चतुर वस्तू. ती मध्यावर शिवलेली असते, त्यामुळे पहिलं पान गेलं की दुसऱ्या टोकाचं शेवटचं पान सुटं होतं. आठवडाभर ते दप्तरात लोंबकळतं आणि मग एक दिवस खेळाच्या तासाला वाऱ्यावर जातं. पुन्हा सुरुवात बिघडली, पुन्हा पान गेलं, पुन्हा त्याची जोड गेली. आमच्या वर्गातल्या एका मुलीची गणिताची शंभर पानी वही दिवाळीपर्यंत पापडाएवढी उरली होती. त्यात गणितं जेमतेम, पण होती ती सगळी पहिल्या पानाच्या अक्षरातली. बाईंनी ती वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली होती. बाई रागावल्या होत्या की हसत होत्या, हे अजून माझ्या लक्षात येत नाही.

वहीच्या आधी पाटी होती, आणि पाटीला ही भानगड नव्हती. लाकडी चौकटीतली काळी दगडी पाटी, तिच्यावर 'क' काढला, चुकला, थुंकी लावली, तळहाताने पुसला. वाळेपर्यंत पाटी हवेत हलवत चिमणीकडे वारा मागायचा आणि कावळ्याकडे पाणी. दसऱ्याला त्याच पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिचा एखादा पाय आखूड व्हायचा, तरी झेंडू-आपटा तिला मिळायचाच. पाटीवरची सरस्वती दुसऱ्या दिवशी पुसली जायची आणि तिचंही काही म्हणणं नसायचं. (थुंकीवर बाईंचा आक्षेप होता. त्यांनी सगळ्यांना डबीत ओलं फडकं आणायला लावलं होतं. ते फडकं आठवड्याने असं काही वास मारायचं की थुंकी परवडली.) मग मोठ्या वर्गात पेन मिळालं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि त्या दिवसापासून चुका राहायला लागल्या. शाई सांडली तर खडू फिरवून टिपता यायची. चूक टिपणारा खडू नव्हता.

तरी एक वही वाचली होती. रफ वही. ती विकत आणलेली नसायची. बाबा ऑफिसातून पाठकोरे कागद आणायचे, एका बाजूला टाइप केलेले, दुसरी बाजू मोकळी. रविवारी दाभण आणि जाड दोरा घेऊन ते त्यांची वही शिवायचे. पान उलटलं की मागून 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' डोकावायचं. त्या वहीला श्री नव्हती, कव्हर नव्हतं, लेबल नव्हतं. तिच्यात गणितं आडवी-उभी सुटायची, फुल्ली-गोळ्याचे सामने व्हायचे, इतिहासाच्या तासाला इतिहासाच्या सरांच्या मिशा काढल्या जायच्या, आणि जी चार ओळींची कविता मी आयुष्यात केली ती तिच्यातच झाली. फेअर वहीत मी जे उतरवलं त्यातलं आज काही म्हणजे काही आठवत नाही. पाठकोऱ्या कागदाची भीती वाटत नाही, कारण त्याचं निम्मं आयुष्य आधीच दुसऱ्या कुणीतरी खर्च केलेलं असतं. मला तर वाटतं, मराठी मध्यमवर्गाने आजवर जे काही बरं लिहिलंय त्यातलं बरंचसं पाठकोऱ्यावर लिहिलेलं असणार. पुरावा मागू नये.

अक्षराच्या बाबतीत समर्थ मात्र कडक. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनाला दिलाय. अक्षर वाटोळं हवं, सरळ हवं, मोकळं हवं, शाई काळी कुळकुळीत हवी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालायला हव्यात. आणि वर म्हणतात, पहिलं अक्षर जे काढलं ते ग्रंथ संपेपर्यंत तसंच दिसावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर माझी भूगोलाची वही. पहिल्या पानावर 'महाराष्ट्राचे प्राकृतिक विभाग' ताठ, दुसऱ्या पानावर जरा सैलावलेले, चौथ्या पानापर्यंत कोकणाचा घाट झालेला. समर्थांनी ती बघितली असती तर पुढचा समास वेगळा झाला असता.

पण नीट वाचलं की कळतं, ते उगाच कडक नाहीत. ते सांगतात की कडेला जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागद झिजून झिजून कडा गळाल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. हा माणूस शंभर वर्षांनी पोथी उघडणाऱ्याचा विचार करतोय. त्या काळी हाताने केलेली प्रत म्हणजेच पुस्तक. अक्षर लागलं नाही तर पुढच्याला ग्रंथच लागला नाही. अशा कामात हयगय नको, हे मलाही मान्य. माझ्या खणातल्या वह्या कोण उघडणार आहे? प्लंबर?

आणि हे सगळं सांभाळून ज्यांनी खरोखर पोथ्या उतरवल्या, त्यांचं शेवटचं पान बघा. ग्रंथ संपला की हे लेखक लोक दोन-तीन ठरलेले श्लोक टाकायचे. एकात म्हटलंय की पाठ, कंबर, मान मोडून, डोळे ताठ करून, खाली मान घालून कष्टाने हे लिहिलंय, तेव्हा जपा. आणि दुसऱ्यात, जसं पुस्तक समोर होतं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, 'मम दोषो न दीयते'. मला दोष देऊ नका! किती मोकळा माणूस. शेकडो पानं बोरू चालवायचा, मधे राहून गेलेलं अक्षर समासात लिहून खाली काकपदाची खूण करायची, चुकलेल्यावर पिवळा हरताळ फासून त्यावरच पुन्हा लिहायचं, आणि शेवटी हात झटकून निघून जायचं. हा श्लोक इन्कम टॅक्सच्या फॉर्मखाली छापायची सोय हवी होती. पोळ्यांच्या डब्यावरही चालेल.

आमच्या घरात असा मोकळा हात फक्त कालनिर्णयवर चालतो. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेलं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. चौकोनात चतुर्थी असते, तिच्या डोक्यावर मी 'दूध नाही' लिहिते. 'गॅस लावला.' 'मावशी नाहीत.' 'मा. नाहीत.' 'मा. आल्या पण लवकर गेल्या.' खाली सासूबाईंच्या अक्षरात 'गुडघा' एवढंच, त्या दिवशी दुखला की थांबला कोण जाणे. नवऱ्याने क्रिकेटच्या मॅचेसभोवती गोल केलेत. कुणाचंही अक्षर धड नाही, आणि वर्षभराचं घर त्यात सगळं आहे. डिसेंबर संपला की त्याची पानं फडताळात डब्यांखाली जातात. एकदा मी वाटीखालचं तेल पुसायला फडताळ काढलं आणि तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये 'बाबांना दाखवले, रिपोर्ट चांगला' हे वाचत अर्धा तास तिथेच बसले. तेव्हा मी खणाच्या कापडाची वही काढून त्यात 'बाबांना दाखवले' लिहायला बसले असते तर आधी श्रीच बिघडली असती.

माझ्या काकांचं अक्षर समर्थांना आवडलं असतं. खरोखर. घरातल्या लग्नांच्या पत्रिकांचे पत्ते, देवळाच्या फळ्यावरचा सुविचार, सोसायटीची नोटीस, सगळं त्यांच्याकडे. टाकाची जीभ तिरकी कापून घ्यायचे. बँकेतून दर वर्षी त्यांना डायरी मिळायची, आणि बँकेतले स्नेही त्यांच्यासाठी चांगल्यातली बाजूला ठेवायचे, सोनेरी कडांची.

काका पुण्यात नारायण पेठेत वाढले, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पानशेतच्या पुराच्या वेळी ते नुकते मॅट्रिक झालेले. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं गेलं, आणि पाणी पेठांमधून शिरलं. ती हकिकत काका सांगायचे तेव्हा आम्ही भावंडं जेवणाची ताटं कोरडी होईपर्यंत हलायचो नाही. वाडा कसा करकरला, भिंत आधी फुगली आणि मग बसली, दुसऱ्या दिवशी चिखलातून चालताना कुणाची भांडी कुणाच्या अंगणात सापडली. आणि पाणी जोत्यापर्यंत आलं असताना ते एका वस्तूसाठी परत आत गेले होते, त्यांच्या आजीने सांगितलं म्हणून. तो भाग ते फार रंगवून सांगायचे, उभं राहून, लुंगी गुडघ्यापर्यंत वर धरून.

"काका, लिहून ठेवा हे," आम्ही म्हणायचो.

"लिहायचंय. पण लिहायचं तर नीट लिहायला हवं. तारीखवार. कुठल्या रस्त्याला किती वाजता पाणी, नकाशा काढून. उगाच आपलं गप्पा मारल्यासारखं नको." आणि दर जानेवारीत म्हणायचे, "या वर्षी सुरू करतो. डायरी चांगली आलीय."

ते गेल्यावर काकूने कपाट आवरायला आम्हाला बोलावलं. डायऱ्यांची चळतच निघाली. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, सगळं मोत्यासारखं. आत कोऱ्या. एकीतच काय ते होतं. वर 'श्री', अशी की बघत राहावं. खाली मधोमध 'पानशेत', त्याखाली 'दि. १२ जुलै १९६१, बुधवार', आणि पट्टीने मारलेल्या दोन रेघा, वरची जाड, खालची बारीक. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही. मी शेवटपर्यंत उलटून पाहिलं, न जाणो त्यांनी मागून सुरुवात केली असेल.

मग आम्ही तिथेच जमिनीवर बसून आठवायला लागलो. पाणी आलं ते दुपारी की संध्याकाळ टेकल्यावर, यावर चुलतभावाचं आणि माझं जमेना. ते परत आत गेले ते कशासाठी, इथे तर गाडी अडलीच. मी म्हटलं, तांब्याचा हंडा, आजीच्या माहेरचा. चुलतभाऊ म्हणाला, हंडा नव्हे, घंगाळ, आपण विचारलं होतं की ते उचललं कसं. धाकटी म्हणाली, शिवणयंत्राचं डोकं, ती शपथेवर सांगायला तयार. आवाज चढले. शेवटी काकूला विचारलं. तिचं लग्न पुरानंतर सातआठ वर्षांनी झालेलं, पण ऐकलं तर तिनेच सगळ्यांत जास्त वेळा असणार.

काकूने हातातल्या डायऱ्या खाली ठेवल्या. "मला तर त्यांनी मांजर सांगितलं होतं," ती म्हणाली.